“शिडी चावते”: तलावाच्या बॉन्डिंग तपासणीचा माझा अनुभव

“मॅडम, शिडी चावते.”

सात वर्षांची मुलगी. पाण्यातून वर येत होती, एक पाय ओल्या काठावर, एक हात शिडीच्या दांड्यावर. हात झटकून ती माझ्याकडे बघत उभी राहिली. रडली नाही, घाबरली नाही. नुसतं सांगितलं. मी रबरी चप्पल घालून शिडीला हात लावला, काहीच जाणवलं नाही. मग चप्पल काढली, पाय ओला केला आणि पुन्हा हात लावला. माझ्या बोटावर सकाळीच एक ओरखडा आला होता, नेमकी तिथे मुंगी डसावी तशी झिणझिणी आली. हात काढला की थांबे, लावला की परत सुरू होई.

पाण्यात अकरा मुलं होती. सगळ्यांना उथळ बाजूच्या पायऱ्यांवरून, कुठल्याही धातूला हात न लावता, एकेक करून बाहेर काढलं. मग पंपघरात जाऊन मेन स्विच पाडला. चौदा वर्षं मी पोहायला शिकवते. मुलांना दम कधी लागतो, पायात गोळा कधी येतो, भीती कधी बसते हे मला लांबून कळतं. पाण्यात वीज उतरलेली मात्र दिसत नाही, आणि हे मी त्या मुलीच्या एका वाक्यातून शिकले. म्हणून आमच्या तलावाचं बॉन्डिंग, म्हणजे पाणी आणि आसपासचा सगळा धातू तारेने एकमेकांना जोडणं, तपासून दुरुस्त करणाऱ्या सेवेबद्दल हा अभिप्राय सविस्तर लिहिते आहे. तलाव चालवणाऱ्या, तिथे शिकवणाऱ्या किंवा मुलांना तिथे पाठवणाऱ्या कुणाच्याही तो कामी यावा.

आधी पहिल्या माणसाबद्दल, कारण त्याच्याशिवाय दुसऱ्याचं मोल कळणार नाही. आमचं नेहमीचं वीजकाम करणारे ठेकेदार दुसऱ्याच दिवशी आले. “अर्थिंग वीक झालंय,” म्हणाले. पंपघरामागे नवा खड्डा खणला, तांब्याची प्लेट पुरली, पट्टी आणून पंपाच्या बॉडीला जोडली. मल्टिमीटरची एक पिन शिडीला, एक पंपाला लावली. बीप वाजला. “झालं, सगळं जोडलेलं आहे.” दोन तासांत निघूनही गेले. कामचुकार माणूस नव्हे, घाम गाळून खड्डा खणला होता त्यांनी. पण संध्याकाळी मी अनवाणी जाऊन शिडीला हात लावला, तर झिणझिणी तशीच. मेन बंद करून पाहिलं. तरीही तशीच. तिथे मात्र माझ्या पोटात गोळा आला. बंद केलेल्या विजेचा करंट येतो कुठून?

ज्या सेवेबद्दल लिहायला बसले ती फक्त तलावांचं वीजकाम तपासते आणि दुरुस्त करते. तिघांची तुकडी: एक थोरले तंत्रज्ञ, दोन तरुण मदतनीस. फोनवर मी सगळं सांगायला लागले तर त्यांनी मध्येच विचारलं, “आत्ता पाण्यात कुणी आहे का?” नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न, “मेन पाडल्यावरही लागतं का?” हो म्हटलं. क्षणभर थांबून म्हणाले, “मग दोष बहुधा तुमच्या पंपात नाही. आम्ही येईपर्यंत तलाव बंद ठेवा, आणि अर्थिंगची कुठलीही वायर कुणाला सोडवू देऊ नका.” हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. झिणझिणी येते म्हणून अर्थची वायरच काढून टाकणारे लोक असतात, हे नंतर त्यांच्याकडूनच कळलं. तसं केलं की झिणझिणी कदाचित थांबते, पण उद्या पंपाच्या मोटरमधली तारांची गुंडाळी जळून फेज, म्हणजे वीज आणणारी तार, धातूच्या बॉडीला टेकली तर तो करंट परत न्यायला वाटच उरत नाही.

ते आले त्या दिवशी पहिले दोन तास एकही पाना हातात घेतला नाही. नुसतं मोजत होते. मोजण्याची पद्धतही माझ्या दृष्टीने नवी होती. वहीच्या पानाएवढी धातूची प्लेट, तिच्याखाली ओलं फडकं, वर पाण्याने भरलेला कॅन ठेवून वजन दिलेलं. ही प्लेट म्हणजे ओल्या काठावर उभ्या असलेल्या माणसाचा पाय. मीटरची एक पिन प्लेटला, दुसरी शिडीला. मेन बंद. आकडा आला 3.8 व्होल्ट. मग त्यांनी दोन्ही पिनांमध्ये 1000 ओहमचा एक रोधक जोडला आणि पुन्हा मोजलं: 3.1. मी विचारलं, हे कशाला? नुसता डिजिटल मीटर इतका नाजूक असतो म्हणे, की ज्यात काही जोर नाही असा फसवा व्होल्टेजही तो दाखवतो. रोधक म्हणजे ओल्या माणसाच्या शरीराची नक्कल. तो लावल्यावर आकडा कोसळला असता तर काळजी कमी होती. कोसळला नाही, म्हणजे मागे खरी ताकद आहे. 3.1 व्होल्ट आणि 1000 ओहम म्हणजे 3.1 मिलिअँपिअर. साधारण 1 मिलिअँपिअरला माणसाला झिणझिणी जाणवायला लागते. पोरगी खरं बोलत होती.

मग त्यांनी पंपाच्या अर्थच्या वायरभोवती क्लॅम्प मीटर लावला. मेन बंद असूनही त्या हिरव्या वायरमधून 0.6 अँपिअर वाहत होता. तो आकडा मला दाखवत ते म्हणाले, “मॅडम, मेन स्विच फेज तोडतो, न्यूट्रल तोडतो. अर्थ कधीच तोडत नाही, तोडायचाही नसतो. तुमच्या वीजपुरवठ्यात न्यूट्रल आणि अर्थ मागे कुठेतरी एकत्र जोडलेले आहेत. रस्त्यावरच्या न्यूट्रलचा एखादा सांधा ढिला असला की तिथला व्होल्टेज अर्थच्या वायरीवरून चालत तुमच्या पंपापर्यंत येतो. पंपातून पाण्यात, पाण्यातून शिडीवर.” म्हणजे ज्या अर्थिंगच्या भरवशावर आपण निर्धास्त असतो, त्याच वाटेने तो आत आला होता.

मी म्हटलं, “पण आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवलेला आहे. दर महिन्याला बटण दाबून बघतो. तो का नाही पडला?” त्यांनी तोही तपासला: 30 मिलिअँपिअरचा, 21 वर पडला, 24 मिलिसेकंदांत. उत्तम स्थितीत. पण तो मोजतो फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांतला फरक. हा करंट त्याच्यातून जातच नाही, मग त्याला कळणार कुठून? आणि टेस्टचं बटण फक्त आरसीसीबीचं यंत्र चालतं की नाही एवढंच सांगतं. अर्थिंग आहे की नाही, बॉन्डिंग आहे की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

हे ऐकून आरसीसीबीला कुणी कमी लेखू नये. पाण्यातल्या माणसाचं काय होतं ते मी पोहणाऱ्यांच्या बाजूने सांगते. चार्ल्स डॅल्झिएल हे बर्कलीचे प्राध्यापक. त्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून ‘सोडता येण्याचा करंट’ मोजला, म्हणजे हातात धरलेली तार किती करंटपर्यंत माणूस स्वतःहून सोडू शकतो. पुरुषांची सरासरी 16 मिलिअँपिअर निघाली, बायकांची 10.5. त्यापुढे स्नायू आपलं ऐकत नाहीत. जमिनीवर याचा अर्थ हात चिकटणं. पाण्यात याचा अर्थ हातपाय न हलणं, आणि उत्तम पोहणाराही चार फूट पाण्यात आवाज न करता बुडणं. याच डॅल्झिएल यांनी 1961 मध्ये गळका करंट ओळखून वीज तोडणारं उपकरण तयार केलं. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने ते सक्तीचं करायला 1968 मध्ये सुरुवात केली ती पोहण्याच्या तलावातल्या पाण्याखालच्या दिव्यांपासून. तिथे ते 5 मिलिअँपिअरच्या आसपास पडतं, इतर बऱ्याच देशांत 30 वर. जीव वाचवणारी गोष्ट आहे ती. पण आमच्या दुखण्यावर तिचं औषध नव्हतं.

औषध बॉन्डिंगचं होतं. अर्थिंग आणि बॉन्डिंग हे दोन शब्द मी इतकी वर्षं एकच समजत होते, आमचे ठेकेदारही समजत होते. थोरल्यांनी ते असं समजावलं: “ठेच लागते ती उंचसखलपणाला. घर डोंगरावर असो नाहीतर खोलगटात, आतली जमीन सपाट असली की ठेच लागत नाही. अर्थिंगचं काम वेगळं. फेज बॉडीला टेकली की भरपूर करंट वाहू द्यायचा आणि ब्रेकर पाडायचा. बॉन्डिंगचं काम तुमच्या तलावाभोवतीची जमीन सपाट ठेवायची. पाणी, शिडी, रेलिंग, पंप, हीटर, काठाखालची सळई, सगळं एकाच पातळीवर. मग ती पातळी शून्य असो की पाच व्होल्ट, हात आणि पाय यांच्यात फरकच नाही तर करंट वाहणार कशाने?”

नव्या अर्थ खड्ड्याचा हिशेबही त्यांनी तिथेच कागदावर करून दाखवला. खड्ड्याचा अवरोध 5 ओहम आला होता, ठेकेदाराच्या दृष्टीने चांगलाच. समजा आरसीसीबी बिघडला आहे, 230 व्होल्टची फेज पंपाच्या बॉडीला टेकली आणि परतीची वाट फक्त हा खड्डा आहे. 230 भागिले 5 म्हणजे 46 अँपिअर. पंपघराचा ब्रेकर 32 अँपिअरचा. 46 अँपिअरवर तो ब्रेकर तास-तासभर तसाच उभा राहू शकतो. तोवर पंपाच्या बॉडीवर वीज खेळत राहणार. माती तांब्यासारखी वाहत नाही. ब्रेकर पडायला हवा तर करंटला पॅनेलपर्यंत परत यायला धातूचीच वाट हवी, नुसता खड्डा पुरत नाही. मी विज्ञान शाखेतून शिकलेली आहे, पण इतका साधा भागाकार मी कधी करून बघितला नव्हता.

दुपारी बीपचा उलगडा झाला. त्यांच्याकडे कमी ओहम मोजणारं वेगळं मीटर होतं, निदान 200 मिलिअँपिअरचा करंट सोडून मोजणारं, सोबत लांबलचक वायरीचं रीळ. तेच शिडी आणि पंप यांच्यात लावलं तर आकडा 14 ओहमच्या आसपास डुलत राहिला, एका जागी थांबेचना. तांब्याची 10 चौरस मिलिमीटरची तार मीटरमागे दोन मिलिओहमसुद्धा भरत नाही. शिडी ते पंप वीस मीटर धरले तरी 0.04 ओहमच्या आत यायला हवं. 14 म्हणजे तार नाहीच, करंट पाण्यातून आणि ओल्या काँक्रीटमधून वाट काढतो आहे. बऱ्याच मल्टिमीटरचा बीप तीस-पन्नास ओहमपर्यंतही वाजतो. ठेकेदारांच्या मीटरने पाण्याचाच बीप दिला होता.

मग शिडीचा खड्डा उघडला. काठावरच्या फरशीत शिडीचे पाय ज्या कपांत बसतात, त्यांतल्या डाव्या कपावरची गोल चकती एका मदतनीसाने काढली. आत हिरवट मळ साचलेला. क्लोरीनच्या पाण्याने वर्षानुवर्षं खाल्लेलं तांबं. त्या मळात एक लग होता, म्हणजे तार आवळून बसवायचा धातूचा तुकडा. त्याचा स्क्रू फिरवायला गेला तर डोकं हातात आलं, उरलेल्याचा भुगा. मळ ब्रशने साफ केल्यावर तारेचं टोक दिसलं. ते गंजून तुटलेलं नव्हतं. सरळ, तिरकस, स्वच्छ कापलेलं होतं, कटरने फरशी कापताना कापावं तसं. दीड वर्षापूर्वी आम्ही काठाची फरशी बदलली होती. तेव्हा कुठल्या कारागिराला जमिनीतून एक उघडी तांब्याची तार जाताना दिसली असेल, ती मध्ये आली, त्याने कापली. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं ती कशासाठी आहे. मलाही माहीत नव्हतं, आणि ते काम चालू असताना मी रोज तिथे उभी होते.

पंपाकडे दुसरी गंमत नसलेली गोष्ट सापडली. पंपाच्या मोटरला बाहेरच्या बाजूला बॉन्डिंगसाठी वेगळा लग असतो. आतल्या हिरव्या वायरशी त्याचं काम बदलता येत नाही, दोन्ही हवेत. आमच्या मोटरचा लग होता, तारही होती, पण लग रंगावर बसवलेला. मोटर कधीतरी रंगवली आणि वरून लग आवळला. थोरल्यांनी कानशीने रुपयाएवढी जागा घासून चकचकीत केली, लग परत आवळला, मीटर लावलं: 0.03 ओहम. दहा मिनिटांचं काम. मदतनीसाने तार हाताने ओढूनही पाहिली. मीटर चांगला आकडा दाखवतं तेव्हाही कधीकधी तार दोनच धाग्यांवर टिकलेली असते म्हणून.

बाकीचं झरझर सांगते. हीटर ठीक. बॅकवॉशची, म्हणजे फिल्टर धुण्याची, पाइपलाइन प्लास्टिकची, तिथे प्रश्नच नाही. पाण्याखालचे दिवे 12 व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर तलावापासून लांब आणि योग्य जातीचा. तलावाच्या आत, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 60364 च्या भाग 7-702 नुसार ‘झोन शून्य’मध्ये, एसीला 12 आणि डीसीला 30 व्होल्टच्या वर जाता येत नाही. कडेपासून 2 मीटरपर्यंत झोन एक, त्यापुढे दीड मीटर झोन दोन. त्या पट्ट्यात आमच्या शिट्टीवाल्या खुर्चीमागे पंख्याचा एक सॉकेट होता, तो त्यांनी बंद करायला लावला. बरोबरच केलं.

दुरुस्तीला चार दिवस लागले. काठाच्या फरशीत, पाण्याच्या कडेपासून साधारण अर्ध्या मीटरवर, तलावाभोवती पूर्ण फेरी मारणारी चर कापली आणि तीत तांब्याच्या तारेची रिंग टाकली. अमेरिकी संहितेच्या कलम 680.26 मध्ये अशा तारेसाठी 45 ते 60 सेंटिमीटर अंतर दिलं आहे, तेच माप त्यांनी धरलं. तिथे किमान 8 गेजची, म्हणजे सव्वाआठ चौरस मिलिमीटरच्या थोडी वरची, भरीव तांब्याची तार चालते. यांनी 10 चौरस मिलिमीटरची घातली. चार ठिकाणी काँक्रीट फोडून तलावाची सळई उघडी केली आणि रिंग तिला जोडली. दोन्ही शिड्यांचे चारही कप, रेलिंग, दिव्यांचे खोबणे, पंप, हीटर, सगळे त्याच रिंगवर. जमिनीत जाणारे क्लॅम्प पितळेचे किंवा ब्राँझचे. ॲल्युमिनियमचा एकही तुकडा ओल्या जागी नाही, कारण काँक्रीटमध्ये आणि तांब्याच्या शेजारी ते टिकत नाही.

पाण्याचंही बॉन्डिंग असतं हे मला सर्वांत नवल वाटलेलं. फरशी लावलेला तलाव, प्लास्टिकचे पाइप, मग पाण्याला धातू भेटणार कुठे? फिल्टरजवळच्या पाइपमध्ये त्यांनी स्टेनलेस स्टीलचा एक तुकडा बसवला, पाण्याला सतत लागून राहणारा, आणि त्यालाही तार जोडली. त्याचा पाण्याला लागणारा पृष्ठभाग किमान 5800 चौरस मिलिमीटर हवा, असा त्याच अमेरिकी संहितेचा नियम आहे. साडेसात सेंटिमीटरहून किंचित मोठा चौरस डोळ्यांसमोर आणा, लहान मुलाच्या तळहाताएवढा. फायबरच्या तलावात तर बाकी काही धातू नसतो म्हणून लोक बॉन्डिंग विसरूनच जातात. पाणी मात्र तिथेही वीज वाहतं.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मला प्लेटवर ओलं फडकं टाकायला लावलं आणि मीटर माझ्या हातात दिलं. शिडी ते काठ: 0.05 व्होल्ट. मग ते मला बागेत घेऊन गेले. तलावापासून पंचवीस-तीस मीटरवर एक खुंटी ठोकून ठेवली होती. पंपाची बॉडी ते ती खुंटी: 5.1. दुरुस्तीच्या आधी तिथे 5.2 होते. रस्त्यावरून येणारा व्होल्टेज जवळजवळ तसाच होता, काही कमी झालं नव्हतं. घर डोंगरावरच होतं, जमीन तेवढी सपाट झाली होती. त्या दोन आकड्यांत मला बॉन्डिंग जेवढं कळलं तेवढं दहा पुस्तकांतून कळलं नसतं.

रस्त्यावरच्या न्यूट्रलचं काम त्यांचं नव्हतं, पण त्यांनी तेही सोडून दिलं नाही. मोजमापांचा कागद करून दिला, तो आम्ही वीजपुरवठा करणाऱ्यांकडे नेला. सांधा सापडला, बदलला. खुंटीपर्यंतचा आकडा 0.6 वर आला.

आता जिथे कमी पडले ते. अहवाल आठ दिवसांनी आला, तोही मी दोनदा फोन केल्यावर. अकरा पानं, सगळी तक्त्यांची. तलावावर काम करणाऱ्या जीवरक्षकाने तो वाचून काय समजायचं? मी त्यांना म्हटलं की पहिल्या पानावर साध्या भाषेत चार ओळी तरी द्या: काय सापडलं, काय केलं, काय बघत राहायचं. त्यांनी मानलं, आणि तसं पान नंतर पाठवलं. पण हे मागावं लागू नये. कापलेली चर त्यांनी सिमेंटने भरली, फरशी बसवली नाही. ते काम आमच्यावर आलं, आणि हे आधी स्पष्ट सांगितलं नव्हतं. पुरुषांच्या बाजूच्या शॉवरची धातूची पाइपलाइन काठापासून दोन मीटरच्या आत आहे, ती त्यांच्या नजरेतून सुटली होती. मी दाखवल्यावर जोडली. आणि रेलिंगवरचा एक क्लॅम्प मुलामा दिलेल्या साध्या लोखंडाचा निघाला. तीन महिन्यांत त्यावर तांबडा गंज दिसायला लागला. फोटो पाठवला, त्याच आठवड्यात येऊन स्टेनलेसचा बसवून गेले, वाद घातला नाही. तरीही, जो माणूस मला गंज शिकवतो त्याच्या हातून असा क्लॅम्प लागायला नको होता.

एक गोष्ट मात्र कराराच्या बाहेरची होती आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. निघायच्या आधी थोरल्यांनी आमच्या तिन्ही जीवरक्षकांना काठावर बसवलं आणि विचारलं, “पाण्यात एकजण ताठ झालाय, ओरडत नाही, नुसता तरंगतोय. तुम्ही काय कराल?” तिघांनीही एकच उत्तर दिलं: उडी मारू. मीही तेच दिलं असतं, चौदा वर्षं तेच शिकवलंय. ते म्हणाले, “मग दोन जण जातील. आधी वीज तोडा. तरंगणारी बचावाची रिंग फेका. काठीने ओढा. पाण्यात वीज असल्याची शंका आहे तोवर कुणीही आत जायचं नाही, धातूला हात लावायचा नाही.” मग आमची वाचवायची आकडेवाली काठी उचलली. चार मीटर लांब, हलकी, चकचकीत. ॲल्युमिनियमची. त्यांनी काही न बोलता ती माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी आम्ही फायबरग्लासची आणली. मेन स्विचकडे जाणारी वाट पंपघरातल्या ड्रममागून होती, ते ड्रम हलवले. स्विचवर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं. तीन जीवरक्षकांनी आलटून पालटून धावत जाऊन तो पाडायचा सराव केला. पहिल्या दिवशी चाळीस सेकंद लागले होते, आता पंधरा लागतात.

कुणी मला विचारलं की अशी सेवा निवडताना काय बघावं, तर मी एकच सांगते. तो माणूस आल्या आल्या खड्डा खणायची गोष्ट काढतो की मेन बंद करून आधी मोजतो, ते बघा. “अर्थिंग आहे” हे उत्तर घेऊ नका. शिडी ते पंप किती ओहम, पाणी ते काठ किती व्होल्ट, मीटर कोणतं, रोधक लावून मोजलं का, हे आकडे लिहून मागा. जो देतो त्याला काम द्या. ह्या तुकडीने मला ते दिले, न मागता दिले, आणि चुका दाखवल्या तेव्हा त्या मान्य केल्या. पुढच्या वर्षीची तपासणी मी त्यांच्याकडूनच करून घेणार आहे. पहिल्या पानाच्या चार ओळी आधीच ठरवून घेतल्या आहेत.

ती मुलगी परत यायला लागली आहे. पहिल्या दिवशी शिडीपाशी थांबली, माझ्याकडे बघितलं. मी अनवाणी, ओल्या पायाने, दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिले, तिला हवा तेवढा वेळ. मग ती आली.

पुढच्या आठवड्यात उथळ बाजूच्या चार फरश्या बदलायच्या आहेत, चर भरली तिथल्या नीट बसल्या नाहीत. गवंडी यायच्या आधी मी तांब्याची तार जिथून गेली आहे तिथे फरशीवर निळ्या रंगाने रेघ ओढून घेतली आहे, तलावाच्या चारी बाजूंनी. कटर चालेल तेवढा वेळ मी तिथे उभी राहणार आहे.